करंजमाळावरची स्थिर वस्तू

आकाशात काहीतरी दिसलं म्हणून माणसं इंदुमती बिराजदारांकडे यायची आणि बहुतेक वेळा हिरमुसून परत जायची. बाई त्यांना चहा द्यायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या, वेळ आणि दिशा विचारायच्या आणि मग शांतपणे सांगायच्या, "तो शुक्र होता," किंवा "एका रांगेत सोडलेले उपग्रह होते ते." सांगोल्याच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना लोक ओळखत ते मात्र उडत्या तबकड्यांच्या बाई म्हणून. याचा त्यांना पूर्वी राग यायचा. आता तोही यायचा नाही.

अज्ञात आकाशवस्तू मंडळ त्यांनी काढलं होतं हणमंत सरगरांबरोबर. सरगरांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. ऐन तिशीत एका लग्नाच्या ऑर्डरवरून परतताना त्यांनी ज्वारीच्या रानावर चांदीसारखं काहीतरी थांबलेलं पाहिलं होतं आणि ते दुसऱ्या जगातून आलं होतं याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नाही. बाईंना तेवढीच खात्री होती की असं काही म्हणायला पुरावा नाही. या एका मुद्द्यावर दोघं इतकी वर्षं भांडत आले होते की भांडणाची सवय होऊन मैत्री झाली होती.

"अज्ञात म्हणजे परग्रहावरचं नव्हे," बाई म्हणायच्या. "अज्ञात म्हणजे आपल्याला माहीत नाही, एवढंच."

"माहीत नाही म्हणता, आणि परग्रहावरचं नाही हे मात्र माहीत आहे तुम्हाला," सरगर म्हणायचे.

मंडळाला थोडीफार प्रतिष्ठा मिळाली ती छपरांवरच्या यंत्रांमुळे. रडार म्हटलं की लाटा सोडणारं आणि परत आलेल्या लाटा टिपणारं मोठं यंत्र डोळ्यांपुढे येतं. पण लाटा सोडायची गरजच नसते. रेडिओचे मनोरे दिवसभर लाटा ओततच असतात. त्या विमानावर आपटतात, डोंगरावर आपटतात आणि इतस्ततः उधळतात. मनोऱ्याकडून थेट आलेली लाट आणि आकाशातल्या वस्तूवर आपटून वळसा घेऊन आलेली लाट, यांच्यातला उशीर मोजला की वस्तू किती लांब असेल याचा अंदाज येतो. वेगवेगळ्या गावांतून असं मोजलं की ती नेमकी कुठे आहे तेही कळतं. घेणारं यंत्र स्वस्त असतं, आणि ते स्वतः काही सोडत नसल्यामुळे कुणाला त्याचा पत्ता लागत नाही. सांगोला, मंगळवेढा, जत या पट्ट्यात शाळांच्या, दवाखान्यांच्या, ओळखीच्यांच्या गच्च्यांवर मंडळानं अशी यंत्रं बसवली होती.

करंजमाळाच्या आकाशात काहीतरी थांबून राहतं, असं तिथले मेंढपाळ सांगू लागले तेव्हा यंत्रांना काहीच दिसत नव्हतं. बाईंनी तो विषय सोडून दिला. सरगरांनी सोडला नाही; त्यांच्याकडे दोन वर्षांपासून आकाशातल्या उजेडांचे निनावी व्हिडिओ येत होते. "तुमच्या यंत्राला थांबलेली वस्तू दिसते का, ते आधी सांगा," ते म्हणाले. खरंच दिसत नव्हती. जे हलत नाही ते डोंगर किंवा इमारत समजून गाळून टाकायचं, असाच यंत्रांचा प्रोग्रॅम लिहिलेला होता. त्यांनी ती गाळणी काढली. डोंगर आले, पाण्याच्या टाक्या आल्या, साखर कारखान्याची चिमणी आली. आणि करंजमाळाच्या डोक्यावर, विमानं जातात त्याच्या दुप्पट उंचीवर, शाळेच्या मैदानाएवढं काहीतरी आलं. ते जागचं हलत नव्हतं.

सरगरांनी खुर्चीत बसून डोळे पुसले. चॅनेलवाले आले. बाईंनी नेहमीचं वाक्य सांगितलं आणि चॅनेलनं ते कापलं.

*

पण एक गोष्ट बाईंना स्वस्थ बसू देईना. करंजमाळ गावातल्या शाळेवरचं यंत्र मधूनमधून आंधळं व्हायचं. नुसती खरखर. त्यांनी हवामान खात्याचे वरच्या थरातल्या वाऱ्याचे आकडे काढले आणि शेजारी खरखरीचा आलेख ठेवला. वर वारा वाढला की इथे खरखर वाढत होती. वाऱ्यात जागेवर टिकून राहायचं तर जास्त जोर लावावा लागतो. आणि खरखर जमिनीवरच्या यंत्रात होती, म्हणजे हा जोर वस्तूला वरून मिळत नव्हता. तो खालून, जमिनीवरून जात होता.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं करंजमाळला गेल्या. गावाच्या वरच्या अंगाला, पठारावर, संरक्षण खात्यानं कुंपण घातलेली जागा होती. पवनचक्क्यांची चाचणी चालते असं गावात सांगितलेलं होतं. पवनचक्की एकही दिसत नव्हती.

शाळेवर शिकवणाऱ्या ऋतुजा ऐवळे यांनी त्यांना जिन्याकडे नेलं. चढताना त्या भिंतीला हात लावून पायरी चाचपत होत्या.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय बाई, मोतीबिंदूचं," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "दुसऱ्याचं राहिलंय."

"या वयात मोतीबिंदू?"

"डॉक्टर म्हणाले, असतं एखाद्याला. पण आमच्यात खूप जणांना आहे. खिचडी करणाऱ्या मावशींना झालाय. वरच्या आळीत तर घराघरात आहे. पाण्याचा दोष असेल म्हणून पाणी तपासून आणलं. चांगलं निघालं."

बाई गच्चीवर गेल्या, पण यंत्राला त्यांनी हात लावला नाही. कठड्याला टेकून पठाराकडे बघत राहिल्या. सूक्ष्मलहरींचा झोत करून ऊर्जा लांब पाठवता येते, हे त्यांनी वर्गात कितीतरी वेळा शिकवलं होतं. घरातल्या मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम करतात त्याच जातीच्या लहरी. असा झोत खालून सतत देत राहिलं तर वर एखादं हलकं यान इंधनाशिवाय महिनोन्महिने तरंगत ठेवता येईल. मात्र झोत कितीही आवळला तरी त्याच्या कडेनं थोडी गळती होतेच. अंगाला त्यातून ऊब लागली तर रक्त ती वाहून नेतं. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात. तिथली ऊब तिथेच राहते, आणि अंड्यातला पारदर्शक भाग तापल्यावर पांढुरका होतो तसं भिंग हळूहळू गढूळ होत जातं.

खाली मुलं मैदानात खेळत होती.

*

कर्नल देवव्रत पानसे त्यांच्या घरी आले ते भर दुपारी, साध्या कपड्यांत. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं. पाणी मागून घेतलं आणि ग्लास हातात धरून बसून राहिला.

"तुम्ही वाऱ्याचे आकडे का मागवले ते आम्हाला कळलं, मॅडम," तो म्हणाला. "मग मी म्हटलं, आता लपवून उपयोग नाही. जाऊन बोलावं."

"यंत्रं बंद करा म्हणायला आलात?"

"नाही. चालू ठेवा. ती वस्तू आम्ही लपवूच शकत नाही, एवढी मोठी आहे. फक्त ती काय आहे हे लपायला हवं. परवा तुमच्या मंडळाची वार्षिक सभा आहे. तुम्ही तिथे नेहमीचं सांगा. अज्ञात. सरगरांना बोलू द्या. ते तबकडी म्हणतील. एकदा एखाद्या गोष्टीला तबकडी म्हटलं की शहाणी माणसं तिच्याकडे बघायची बंद होतात. इथली पण, आणि बाहेरची पण."

बाईंना हे समजायला क्षणभर वेळ लागला. जन्मभर त्यांनी ज्या हेटाळणीशी झगडा केला होता, तीच या लोकांना पांघरूण म्हणून हवी होती.

"सरगरांकडे गेल्या दोन वर्षांत जे व्हिडिओ आले," त्यांनी सावकाश विचारलं, "निनावी..."

कर्नलनं मान खाली घातली. "आम्हीच पाठवले."



"करंजमाळात लोकांचे डोळे जातायत," बाई म्हणाल्या.

"आमच्या डॉक्टरांनी मोजमाप केलंय. मर्यादेच्या आत आहे."

"ती मर्यादा थोडा वेळ तिथे थांबणाऱ्या माणसासाठी असेल. ती माणसं तिथे राहतात. तिथेच जन्मतात."

"मी हे वर लिहून कळवलंय. दोनदा. पठारावरचं केंद्र हलवायचं ठरेल, पण वेळ लागेल. तोवर नेत्रशिबिर घेऊ. सगळी ऑपरेशनं फुकट."

"ऑपरेशन करून माणूस परत त्याच झोताशेजारी जाऊन झोपणार."

 कर्नल ग्लास खाली ठेवून म्हणाला, "कायद्याचं मी सांगत नाही. गुपितं फोडली तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी दुसरं सांगतो. तुमचा मुलगा शिवानंद उत्तरेत ज्या चौकीवर आहे, त्या दरीवर असंच एक यान आहे. पलीकडे हालचाल झाली तर त्या पोरांना आधी कळतं ते त्याच्यामुळे. मागच्या हिवाळ्यात कळलं म्हणून ते वाचले. ते कशावर तरंगतंय हे पलीकडच्यांना समजलं, तर त्यांना यान पाडायची गरज नाही. खालचं केंद्र उडवलं की झालं."

"हे तुम्ही धमकी म्हणून सांगताय का?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "ते खरं आहे म्हणून सांगतोय. मी तुमच्या जागी असतो तर मलाही काय करावं ते कळलं नसतं."

तो गेल्यावर बाई तशाच बसून राहिल्या. हा माणूस खोटारडा असता, उद्धट असता, तर सोपं गेलं असतं. तो त्यांच्यासारखाच दमलेला होता.

*

सभेच्या आदल्या दिवशी त्या सरगरांच्या स्टुडिओत गेल्या. सरगर फलकावर लावायला फोटो निवडत होते. बाईंनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

 सरगरांनी त्या निनावी व्हिडिओंपैकी एकातून काढून भिंतीवर लावलेल्या मोठ्या चित्राकडे बोट केलं. तलावाच्या पाण्यावर निळसर उजेड पडलेला होता.

"हा पण?"

"हा पण असणार."

"मी हा मोठा करून लावला," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांना दाखवत होतो."

ते उठले, खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. बाजारचा दिवस होता. खाली बायका डाळिंबांचा भाव करत होत्या.

"मी उद्या खरं सांगणार आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ते सगळ्यांसमोर ऐकावं लागू नये म्हणून आले."

"आणि शिवानंदाचं?"

 बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"मला एक सांगा," सरगर न वळता म्हणाले. "करंजमाळची माणसं तिथून हलली, तर डोळे वाचतील?"

"ज्यांचे गेलेत त्यांचे ऑपरेशननं येतील. बाकीच्यांचे वाचतील. पोरांचे नक्की वाचतील."

"मग त्यांनी हलायला पाहिजे. का हलले ते कशाला कळायला पाहिजे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही उद्या एवढंच म्हणा, अज्ञात आहे. बाकी मी बघतो."

"सरगर, मी खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे की," ते म्हणाले. "त्याच्यावरच तर आजवर मंडळ चाललं." मग वळून त्यांच्याकडे बघितलं. चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. "एकदा खोटं बोला. माझ्यासाठी नाही. वस्तू आहे असं तुम्ही सांगितलं नाहीत, तर माझं कोण ऐकतंय?"

*

नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. चॅनेलवाल्यांचे कॅमेरे समोर होते, मागे करंजमाळची माणसं दाटीनं बसली होती. ऋतुजा ऐवळे काळा चष्मा लावून आल्या होत्या. कर्नल पानसे शेवटच्या रांगेत होता.

बाई आधी बोलल्या. वस्तू आहे, तिची जागा आणि आकार आम्ही मोजलाय, असं सांगितलं. मग थांबल्या. पाण्याचा घोट घेतला. "ती काय आहे, हे आम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात असंख्य वेळा म्हटलं होतं. आज पहिल्यांदा ते खोटं होतं.

सरगर उठले. खिशातून कागद वगैरे काढला नाही.

"ते यान परग्रहावरचं आहे," ते म्हणाले. "आणि ते किरण सोडतंय. करंजमाळावर. त्या किरणांनी डोळे जातात. इथं बसलेल्या माणसांना विचारा, कुणाचे गेलेत. ज्यानं त्यानं आपली लेकरं घेऊन त्या माळावरून खाली उतरावं. आजच उतरावं. मी हात जोडून सांगतो."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मागे मात्र एकदम गलका झाला. वरच्या आळीतली एक म्हातारी उभी राहून आपले दोन्ही डोळे दाखवू लागली. पत्रकार कॅमेरे वळवून तिकडे धावले. सरगर बोलतच राहिले. यान कसं आहे, आतली माणसं कशी असतील, त्यांना आपल्या डोळ्यांतलं पाणी कशाला हवंय, असं काहीबाही. बाईंना कळत होतं की ते मुद्दाम जितकं वेडगळ सांगता येईल तितकं सांगत आहेत. ज्या गोष्टीवर त्यांचा जन्मभर मनापासून विश्वास होता, तिचं ते स्वतःच्या तोंडानं हसू करून घेत होते. बाईंना बघवेना, पण त्यांनी नजर काढून घेतली नाही.

"मॅडम," एका मुलीनं माइक पुढे केला, "तुम्ही शास्त्र शिकवलंय. तुम्हाला हे पटतं? किरण वगैरे?"

सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. शेवटच्या रांगेतला माणूसही.

"वस्तू अज्ञात आहे," बाई म्हणाल्या. "आणि करंजमाळावर कुणी राहू नये, हे मला पटतं."

*

दोन दिवसांत गाव रिकामं झालं. ट्रॅक्टरमधून भांडी, कोंबड्या, गाद्या खाली आल्या. तालुक्याच्या शाळांमध्ये माणसं कोंबली गेली, कुणाची जनावरं वाटेत हरवली, एक म्हातारा निघायलाच तयार होईना तेव्हा त्याला सुनेनं खांद्यावर घातलं. कलेक्टरनं आधी परत जा म्हणून सांगितलं, कुणी ऐकलं नाही, तेव्हा खालच्या गायरानात पत्र्याच्या खोल्या बांधून दिल्या. लोक उन्हात भाजत होते आणि सरगरांना शिव्या घालत होते, पण वर जायला कुणी तयार नव्हतं.

बाकी सगळं कर्नल म्हणाला होता तसंच झालं. शहाण्या माणसांनी त्या वस्तूकडे बघायचं सोडून दिलं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. विज्ञान प्रसार करणाऱ्या संस्थांनी मंडळाचा निषेध केला आणि बिराजदार बाईंसारख्या अभ्यासू व्यक्तीनं अशा भोंदूगिरीला साथ द्यावी याबद्दल खेद व्यक्त केला. मंडळाचे सभासद एकेक करून गळाले. दवाखानेवाल्यांनी, शाळांनी गच्चीवरची यंत्रं काढून न्या म्हणून फोन केले. सरगरांवर अफवा पसरवून लोकांना बेघर केल्याचा गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं तेव्हा बाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या.

कर्नल पानसेचा फोन आला. "मॅडम, आम्ही हे मागितलं नव्हतं."

"पण मिळालं ना तुम्हाला."

"गाव रिकामं झालंय, तर आता केंद्र हलवायची गरज नाही, असं वरचे म्हणतायत." मग तो म्हणाला, "निदान खाली तरी आता कुणाला त्रास होणार नाही. मी स्वतः जाऊन मोजून आलो."

"सरगरांवरचा गुन्हा मागे घ्यायला सांगा."

"आम्ही सांगितलं तर लोक विचारतील, लष्कराला त्यांचं एवढं काय पडलंय."

बाईंनी फोन ठेवला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत राहिलं.

गायरानातल्या पत्र्याच्या शाळेत ऋतुजा ऐवळे पुन्हा शिकवू लागल्या. वर्ष उलटलं तरी मुलांपैकी कुणाचे डोळे बिघडले नाहीत. बाई अधूनमधून तिथे जात. कशाला येता, असं कुणी विचारलं नाही. एकदा ऐवळे बाईच म्हणाल्या, "ते सरगर वेडे असतील, पण आम्हाला त्यांचा उपयोग झाला बघा." इंदुमतींनी मान हलवली.

*

हिवाळ्यात शिवानंद सुट्टीवर आला. काळवंडला होता, ओठ फुटले होते. आईच्या हातची शेंगापोळी खाताना एकदम हसू येऊन त्याला ठसका लागला.

"तुला सांगायचंच राहिलं. तुमच्या त्या सरगरांचा व्हिडिओ आमच्या चौकीवर आला होता. डोळ्यांतलं पाणी नेणारे लोक! बर्फात अडकून पडलो होतो, कुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो बघून सगळी पोरं गडाबडा लोळली. परत परत लावायचे." मग त्याचं हसू ओसरलं. "पण आई, तू त्याच्या शेजारी बसली होतीस. मला पोरांना सांगता येईना की ही माझी आई आहे."

बाईंनी त्याच्या ताटात तूप वाढलं.

"तू असल्या माणसाबरोबर का बसलीस?"

"तो माझा मित्र आहे," त्या म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला आणखी काही ऐकायचं होतं. त्या उठून पाणी आणायला गेल्या.

त्याला कुठल्याशा कागदपत्रासाठी फोटो हवा होता. सांगोल्यात आता दुसरे स्टुडिओ होते, पण बाई त्याला सरगरांकडेच घेऊन गेल्या. भिंतीवरची सगळी आकाशाची चित्रं उतरवलेली होती. त्या जागी बारशाचे, लग्नाचे, मुंजीचे फोटो होते. सरगर पूर्वीपेक्षा सावकाश चालत होते. त्यांनी शिवानंदला ओळखलं, खांद्यावर हात ठेवला, कुठं असता म्हणून विचारलं.

"उत्तरेत," तो म्हणाला.

"थंडी असेल."

"असते."

"काळजी घेता ना एकमेकांची?"

"घेतो."

 सरगरांनी त्याला स्टुलावर बसवलं, कॉलर सारखी केली आणि कॅमेऱ्यामागे गेले. शिवानंदला आता चौकीवरची ती सगळी पोरं आठवत असावीत. त्यानं ओठ दाबले, नाकानं श्वास घेतला, इकडेतिकडे बघितलं. शेवटी त्याला आवरेना. तो हसला, आणि चटकन म्हणाला, "सॉरी काका."

पण सरगरांनी तोवर बटण दाबलं होतं.

"हा कागदपत्राला चालायचा नाही," ते म्हणाले. "त्यासाठी दुसरा काढू. हा आईसाठी राहू दे."

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. सरगरांनी पडद्यावर तो फोटो मोठा करून त्यांच्याकडे वळवला. मुलगा मनापासून हसत होता.